इंग्रजीला विटाळ नसतो

माझं इंग्रजी मी दूर बसून शिकले. शाळेतून निवृत्त होताना केलेल्या भाषणात मी हे सांगितलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघी शिक्षिकांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही. जिथं शिकले ती जागा सांगायला मला लाज वाटायचं काही कारण नाही. लोक कॉलेजचं नाव सांगतात, मी परसातल्या पत्र्याच्या खोलीचं सांगते.

दूर बसणं म्हणजे काय ते आताच्या मुलींना सांगावं लागतं, हे चांगलंच आहे. महिन्याचे ते चार दिवस बाईनं घरात कशाला शिवायचं नाही. ताट वेगळं, तांब्या वेगळा, घोंगडी वेगळी. लहान मुलांना सांगायचं, कावळा शिवला. आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाशी. सासरे भिक्षुकी करायचे, त्यामुळे शिवाशिव जरा जास्तच. परसात गोवऱ्या आणि लाकडं ठेवायची खोली होती, तिच्या एका कोपऱ्यात माझी जागा. परसाला तिन्ही बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला घर. गल्लीत जायचं तर मागच्या दारातून स्वयंपाकघर, मग देव असलेलं मधलं घर, मग ओसरी. म्हणजे त्या चार दिवसांत गल्ली नाहीच.

मी कृष्णाकाठच्या खेड्यातली. सातवी झाले आणि शाळा सुटली. पुढची शाळा नदीपलीकडे तालुक्याला, आणि मुलीला रोज नावेत कोण घालणार? इंग्रजी आठवीला सुरू व्हायचं, म्हणून एबीसीडीशीही माझी गाठ पडली नव्हती. मग लग्न ठरलं ते थेट वऱ्हाडात. पुणं, मनमाड, भुसावळ. भुसावळ येईपर्यंत माझं रडून संपलं होतं आणि नुसती भीती उरली होती. सासरी पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तुले काय काय येते वं?" आमच्याकडे असं फक्त भांडताना बोलतात. मी घाबरून जे येत होतं ते सगळं सांगितलं, अगदी बाराखडीसुद्धा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी सैपाकाचं इचारून राहिली."

सासूबाई वाईट नव्हत्या. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे येणार आहे त्यावरून कुणी त्यांना वाईट ठरवेल. माझ्या ताटात भाजी कमी दिसली तर स्वतःच्या ताटातली ढकलायच्या. पहिल्या थंडीत स्वतःची गोधडी मला दिली आणि स्वतः जुनेरं पांघरून झोपल्या. मी जन्माची घाबरट. तांब्या खाली ठेवतानासुद्धा आवाज होईल म्हणून श्वास रोखायची. एवढ्या लांब कुणीतरी मला पोटभर जेवू घालतंय याचं मला रोज नव्यानं अप्रूप वाटायचं. पण उपकार आणि हुकूम एकाच हातातून आले की दोन्ही मुकाट्यानं घ्यायचे, असं कुठं लिहिलंय?

हे अमरावतीला कचेरीत कारकून होते. तिथं आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचे आणि शनिवारच्या गाडीनं अकोल्याला यायचे. बाकीचा आठवडा मी, सासूबाई आणि काम. पहाटेच्या सड्यापासून भांडी पालथी घालेपर्यंत बसायला म्हणून मिळायचं नाही. त्यामुळे पहिल्यांदा दूर बसले तेव्हा दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आज मला कुणीही हाक मारलेली नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी दुपारी पाय पसरून बसले होते.

पुढच्या महिन्यात मी ह्यांच्या ट्रंकेतलं एक मराठी पुस्तक आधीच गोवऱ्यांमागे नेऊन ठेवलं. सासूबाईंनी ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं. "अवं, सरस्वतीले शिवून राहिली तू?" काठीनं ते पुस्तक लांब ढकलून त्यावर गोमूत्र शिंपडलं. पानं फुगली ती कायमचीच. त्याच्या पुढच्या महिन्यात ट्रंकेत तळाशी एक इंग्रजी रीडर सापडलं, वेष्टन गेलेलं. मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, पण चित्रं होती. नेलं. तेही सापडलं.

"आता हे काय?"

"इंग्रजी आहे."

सासूबाई हातभर लांब उभ्या राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. काठी हातात होती, पण उचलेनात.

"इंग्रजी," त्या म्हणाल्या. "मंग त्याले कायचा विटाळ? ते तं पयलेच बाटेल हाय."

दुपारी जेवताना त्यांनी सासऱ्यांना विचारलं, ते मी परसातून ऐकलं. सासरे ताकभात कालवत म्हणाले, "शास्त्रात इंग्रजीचा उल्लेख नाही." असा निकाल लागला. चार दिवस मराठी अक्षराला हात लावायचा नाही. इंग्रजीला खुशाल लावावा.

आता शिकवणार कोण, तर भिंतीपलीकडच्या आपाजी. सगळी गल्ली त्यांना आपाजीच म्हणायची. मुलींच्या उर्दू शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. यजमानांचं कापडाचं दुकान. दुपारी शाळेतून आल्या की परसात कोंबड्यांना दाणे टाकायच्या. मधली भिंत छातीएवढी. सासूबाईंचं आणि त्यांचं त्या भिंतीवरून वर्षानुवर्षं चाललेलं होतं. कैऱ्या, चिंच, हळकुंडं असं कोरडं, न शिजलेलं जायचं यायचं. शिजलेलं कधी नाही. आणि आपाजींची एक तांबडी कोंबडी रोज भिंत ओलांडून आमच्या परसात यायची. त्यावरून जे बोलणं व्हायचं ते कोरडं नसायचं.

अक्षरं आणि सोपी वाक्यं मी वर्षभरात शिकले. मग गाडी अडली ती बारक्या शब्दांपाशी. ऑन, ओव्हर, अबव्ह. इन आणि ॲट. बाय आणि विथ. मराठीत आपण 'वर' म्हटलं की झालं. लाडवावर माशी, डोक्यावर छप्पर, दोन्ही वर. रीडरमध्ये मात्र एकाला एक शब्द आणि दुसऱ्याला दुसरा, आणि चुकला की वाक्यच चूक. मी पाठ करत होते आणि चुकत होते.

आपाजी म्हणाल्या, "पाठ नोको करू पोरी. पाह्य. माही कोंबडी भिंतीवर बसेल हाय. पाय टेकले का नाही टेकले?"

"टेकले."

"मंग ऑन. आन आता हे कावळा चालला भिंतीच्या वरून. टेकला?"

"नाही."

"ओव्हर. बस एवढंच. टेकलं का नाही टेकलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आमच्या घरात सकाळपासून दुसरा प्रश्नच नव्हता. पदर टेकला का? ओला हात टेकला का? धुतलेलं मडकं खरकट्याला लागलं का? सासूबाई मला भाकरी वाढायच्या ती वरून सोडून, त्यांचा हात माझ्या ताटाच्या वर असायचा आणि ताटाला कधी लागायचा नाही. तो ओव्हर. भाकरी पडली की ऑन. लोकांना हे शब्द शिकायला साहेब लागतो, मला सोवळ्यानं शिकवून ठेवले होते, फक्त नावं आत्ता कळत होती.

मग मी त्या खोलीत बसून सगळं परस इंग्रजीत लावलं. मी भिंतीजवळ बसते, बाय द वॉल. कुणाबरोबर बसते? विथ कुणीच नाही. आपाजी आणि मी, आमच्यामध्ये भिंत, बिटवीन. त्यांच्या कोंबड्यांत शिरलेलं मांजर, ते अमंग. इन आणि ॲटनं मात्र फार छळलं. आपाजी म्हणायच्या, जागेनं तुला सगळीकडून घेतलं तर इन, नुसती तिथं आहेस तर ॲट. मी विचारलं, "मग मी घरात आहे तर इन की ॲट?" त्यांनी दाणे टाकायचे थांबवले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे तुह्या सासूले इचार." मग आम्ही दोघी एवढ्या हसलो की मागचं दार उघडलं.

ते हसणं सासूबाईंना लागलं. आता कळतं, का ते. दर महिन्याला मी दूर बसले की त्यांची एक आशा मोडायची, आणि इकडे मी पुस्तक घेऊन खुशीत. त्या दारातून म्हणाल्या, "दूर बसाची एवढी हौस आसंन तं पाळना कधी हालन?" आपाजी आत निघून गेल्या. मी पुस्तक मिटलं. तेवढ्या दिवसापुरतं.

मॅट्रिकला बाहेरून बसायचं ह्यांनी काढलं. "पास झालीस तर अमरावतीला शाळेत लागशील. मग आपण खोली घेऊ. दोघांची." दोघांची खोली. हे दोन शब्द मी महिनोन् महिने तोंडात घोळवले. बाकीचे विषय मी दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की जात्याशेजारी बसून करायची. इंग्रजी मात्र त्या चार दिवसांतच, जणू त्याला दुसरा वार चालत नव्हता. सासूबाईंनी फार विरोध केला नाही. "बसू दे, नापास झाली का चूप बसन," असं शेजारी सांगितलेलं माझ्या कानावर आलं होतं.

परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी, चैत्रातली नवरात्रं चालू. मधल्या घरात घट बसलेला, सासऱ्यांचा सप्तशतीचा पाठ. पहिला पेपर इंग्रजीचा. आणि त्या सकाळी उठले तेव्हाच मला कळलं, की माझी जागा आज परसात आहे.

लपवता आलं असतं. माझ्या माहितीतल्या दोघी सुना सर्रास लपवायच्या आणि त्यांच्या घरांवर वीज पडलेली नव्हती. दात घासून होईपर्यंत मीही तोच विचार करत होते. मग वाटलं, लपवून गेले तर पेपरभर डोक्यात तेच राहील, आणि मला तिथं जागा फक्त इन आणि ॲटसाठी हवी होती. शिवाय ज्यात माझी काही चोरी नाही ते मी चोरासारखं का न्यावं? मी मागच्या दारात उभी राहून सांगितलं.

"मंग बस तिकडंच," सासूबाई म्हणाल्या. "मधल्या घरात देवी हाय. परीक्षा काय, पुढच्या सालीबी येते."

"मी मधल्या घरातून जात नाही."

"मंग कुठून जाशीन? उडून?"

"भिंतीवरून."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. "त्यायच्या घरातून?"

"हो."

"आन मंग तुले विटाळ होईन तो?"

"मला आधीच झालाय, आई. आणि पेपर इंग्रजीचा आहे. त्याला कसला विटाळ, तुम्हीच म्हणाला होता."

आतला पाठ थांबला. सासऱ्यांनी ऐकलं होतं. क्षणभरानं पाठ पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्या आवाजात. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कोंबडीवानी जाशीन?"

"कोंबडीवानी."

धुण्याच्या दगडावर गोवऱ्यांची पाटी पालथी घातली आणि चढले. लोक नऊवारीचे काय काय गुण सांगतात, भिंत चढता येते हा कुणी सांगत नाही. आमचं बोलणं ऐकून पलीकडे आपाजी हात धरायला आल्या होत्या. मी भिंतीवर बसले. इतक्या उंचावरून मी सासरचं घर कधी पाहिलं नव्हतं.

"आता सांग, कुठं हाय तू?" आपाजी म्हणाल्या.

"ऑन द वॉल."

"हाव. आन उडी मारली का?"

"ओव्हर द..."

"व्याकरन मंग सांगजो, पाय मोडशीन. उतर पयले."

त्यांच्या घरातून बाहेर पडताना कुणी कशाला शिवलं म्हणून ओरडलं नाही. कुणीतरी पाणी दिलं, ते मी प्यायले. मोर्णेच्या पुलापर्यंत आपाजी बरोबर आल्या, त्यांच्या शाळेला उशीर झाला तरी. पुढं मी एकटी. लहानपणी नदी ओलांडायला मिळाली नाही म्हणून शाळा सुटली होती. इथली नदी मी चालत ओलांडली आणि खाली पाणीही फारसं नव्हतं.

परीक्षेच्या बाकावर माझी अर्धी काळजी लुगड्याची होती. उठल्यावर डाग दिसला तर? मी गडद निळं नेसून आले होते, तरी तिथं बसलेल्या पोरी माझ्याहून लहान, परकरपोलक्यातल्या, माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं. मग गाळलेल्या जागांचा प्रश्न आला आणि मला परस दिसलं. एक वाक्य होतं, ती टेबलाशी बसली, असं काहीतरी. मी ॲट लिहिलं. टेबलावर बसणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती, नाहीतर घोटाळा झाला असता.

संध्याकाळी पुन्हा भिंतीवरूनच परत आले. सासूबाईंनी भाकरी वरून सोडली. "जमलं?"

"जमलं."

"उद्या कायचा?"

"मराठीचा."

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. "मंग उद्या नाही."

"आई..."

"इंग्रजीचं मी बोलली होती, बोलली तं बोलली. मराठी सरस्वती हाय. पुस्तकाले हात लावू देल्ला नाही मी तुले, आन पेपरले लावू देऊ?"

 त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी सरळ होतं. ज्या नियमानं मला इंग्रजी दिलं तोच आता मराठी काढून घेत होता, आणि एक पेपर बुडाला की सगळी परीक्षा बुडाली, अमरावतीची खोलीही बुडाली. मला जेवण गेलं नाही. पण मी रडलेही नाही. रडायचं ते पहिल्यांदा दूर बसले तेव्हाच संपलं होतं.

सकाळी पाटी जागेवर नव्हती. दगडही लोटून नेलेला. आणि भिंतीशी, अगदी जिथून मी चढायची तिथंच, सासूबाई सोवळं नेसून सूप घेऊन गहू निवडत बसल्या होत्या. मला कळलं त्यांनी काय केलंय ते. मी त्यांना शिवले की त्यांना पुन्हा अंघोळ, पुन्हा सोवळं, देवीचा नैवेद्य उशिरा, सासरे उपाशी. माझ्याइतका त्यांनाही तो टेकण्याचा नियम पाठ होता. त्यांनी स्वतःचीच भिंत केली होती.

"आई, बाजूला व्हा."

"नाही होत."

"माझा हात लागेल."

"लागू दे. मंग नैवेद्याचं तुह्या सासऱ्याले तूच सांग."

भिंतीपलीकडे आपाजी उभ्या होत्या.  पण बोलायचं मलाच होतं. मी म्हणाले, "सरस्वतीला माझा विटाळ होत असेल तर ती मला नापास करेल. तिचं काम तिला करू द्या."

सासूबाई गव्हातला खडा बोटात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच आधारानं भिंतीवर चढले.

हात टेकला. पुरता, सगळा भार घालून टेकला. खांदा हाडकुळा होता आणि तो हलला नाही. त्यांना मागं सरता आलं असतं, मी पडले असते. त्या सरल्या नाहीत. यातून मी काही अर्थ काढत नाही. घडलं ते एवढंच. मी पलीकडे उतरले तेव्हा आमच्या परसातल्या विहिरीत सासूबाईंनी अंघोळीसाठी बादली सोडल्याचा आवाज आला, आणि सासरे त्या दिवशी फार उशिरा जेवले. त्याबद्दल मी तेव्हा क्षमा मागितली नाही आणि आत्ताही मागत नाही.

मी पास झाले. मराठीत मला इंग्रजीपेक्षा जास्त गुण होते. सरस्वतीनं मनावर घेतलेलं दिसलं नाही.

अमरावतीला खोली झाली, एकच, तिच्यातच चूल. शाळेत मला लहान वर्ग मिळाले. मी पोरांना पाटी समोर ठेवायला लावायची आणि तळहात तिच्या वर धरायला सांगायची. न टेकवता, ओव्हर. मग टेकवा, ऑन. हे कुठून आलं ते त्या पोरांना ठाऊक नव्हतं, आणि तेव्हा सांगायची सोयही नव्हती. आपाजींना मी दर वर्षी लोणचं धाडायची. कैरीचं, मीठमोहरी घालून मुरवलेलं. कोरड्याचा नियम माझ्यापुरता मोडला होता.

सासूबाई पहिल्यांदा तिथं राहायला आल्या त्याच आठवड्यात माझे ते दिवस आले. त्यांनी खोलीत चहूकडे बघितलं. "आता कुठं बसतं तू?"

"कुठंच नाही. शाळेत जाते, आल्यावर स्वयंपाक करते."

 त्यांनी बरोबर आणलेली शेगडी पेटवून स्वतःपुरती खिचडी टाकली. एकाच खोलीत दोन चुली पेटल्या आणि आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बसल्यासारख्या, पण पाठी न टेकवता. मी त्यांना वाढलं नाही, त्यांनी मागितलं नाही. माझ्याकडून त्यांच्यासाठी काही बदललं नाही, हे खरं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या एक बाई ओसरीत त्यांच्याशी बोलत बसल्या होत्या. मी आत कढी ढवळत होते. मध्ये नुसता पडदा. त्या बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "का हो, तुमची सून दूर बसत नाही?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही सांगत नाही तिला?"

"सांगून पाह्यलं ना. ते आयकत नाही." मग त्या म्हणाल्या, आणि आवाज मात्र दबका नव्हता, गल्लीत जाईल एवढा होता, "माह्या खांद्यावर चढून परीक्षेले गेली ते. इचारा तिले."

कढी उतू जायला आली होती. मी ती उतरवली आणि पडदा बाजूला करून बाहेर गेले, कारण आता त्या बाई मलाच विचारणार होत्या.